दोघांसाठी टायर
नव्या रबराचा उग्र वास आला की मला तळवलीचं ते टायरचं दुकान आठवतं. हिमालयात स्पितीला जायचं म्हणून माझ्या मोटरसायकलचे टायर बदलायचे होते आणि निवडायला मी थोरल्या भावाला सोबत नेलं होतं. गाडी मला त्यानेच शिकवली होती. अपघातात त्याचा पाय गेला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. कुबडी काखेत धरून तो टायरच्या खोल खाचांत बोटं घालून बघत होता. "डबल सीट जाणार की एकटेच?" दुकानदाराने विचारलं. "दोघं. मागे मी," भाऊ हसून म्हणाला. बरोबर येऊ का, असं त्याने आधी विचारलं तेव्हा मी त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. ते नाही मी तिथे, दुकानदारासमोर म्हणालो. "एकटाच जाणारे. ह्याला चढवायला-उतरवायला वेगळा हमाल न्यावा लागेल." दुकानदार हसला, मीही हसलो. भावाने हातातला टायर जागेवर ठेवला. "मग हा नको रे, एकट्याला कडक पडेल," म्हणाला, आणि तितक्याच बारकाईने त्याने माझ्यासाठी दुसरा निवडला. मी स्पितीहून परत आल्यावर त्याने विचारलं, "टायर कसे चालले?" मस्त चालले, मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल मी त्याच्याशी एवढंच बोलू शकलोय.