घास मोजणारी

पातेल्यातली गरम पळी राहुलच्या मनगटावर बसली, तेव्हा माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. ते मी चालूच ठेवलं.

राहुल दोन वर्षांचा. वजन आठ किलो. आपल्या ताटलीतलं संपल्यावर शेजारच्या मुलाच्या ताटलीतल्या खिचडीकडे त्याने हात नेला होता, एवढंच. पळी बसल्यावर आधी आवाज आला नाही. तोंड उघडं, डोळे उघडे, श्वास आत अडकलेला. मग तो असा किंचाळला की बाकीची मुलंही रडायला लागली.

"पोट हाय का पेव?" वाढणाऱ्या वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या जातीलाच दम न्हाई."

मी कागदावर लिहिलं: दुसऱ्याच्या ताटातलं हिसकावतो.

अक्षर सुंदर आलं. हात जराही हलला नव्हता.

पलूसजवळच्या एका गावातली ती अंगणवाडी, वहिनींच्याच घराच्या पुढच्या खोलीत भरायची. सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका डॉक्टर मॅडमच्या अभ्यासासाठी मी तिथे काम करत होते. नुकतीच डिग्री हातात आली होती. लहान मुलं कशी खातात आणि त्याचा त्यांच्या वजनाशी काय संबंध, असा विषय होता. तुळईला टांगलेल्या काट्यावर मुलाचं वजन घ्यायचं. ताटली जेवणाआधी तोलायची, नंतर तोलायची. घास मोजायचे. किती मिनिटांत संपवलं, पुन्हा मागितलं का, समोर अन्न दिसलं की धावतो का, ते लिहायचं.

मॅडमचे दोन नियम होते. अन्न ताटलीत पडलं की घड्याळ सुरू, त्याआधी नाही. आणि मूल करतं तेवढंच लिहायचं. मोठ्या माणसांचं काही लिहायचं नाही.

घड्याळ सुरू व्हायच्या आधी काय होतं ते मी रोज बघत होते. गावातली मुलं भिंतीला टेकून बसायची. बौद्धवस्तीतली चार मुलं, राहुल धरून, दाराशी. आधी भिंतीकडे वाढलं जायचं. मग त्यांना दुसऱ्यांदा. मग कुणाच्या तरी घरून आलेलं तूप. दाराशी रिकाम्या ताटल्या. दोन-अडीच वर्षांची मुलं, वास घेत, हलायचं नाही. अर्ध्या तासाने त्यांच्या ताटलीत तळाची खरवड पडायची. तेव्हा मी घड्याळ दाबायचे. मुलं दोन्ही हातांनी तोंडात कोंबायची. मी लिहायचे: अतिशय वेगाने खातो.

वहिनींचा मुलगा तीन वर्षांचा, अंगाने भरलेला. त्याच्यामागे वाटी घेऊन त्या खोलीभर फिरायच्या. "आमचं बाळ चिमणीवानी खातं, मॅडम. लय नाजूक हाय." त्याच्या कागदावर मी लिहायचे: सावकाश खातो, पोट भरलं की थांबतो.

मॅडम कागद चाळून म्हणायच्या, "बघ, किती स्पष्ट फरक येतोय. ही सवय घरातूनच येते."

मी मान हलवायचे.

मी बौद्ध आहे. सांगलीत इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात कमी बोलायचे. गप्प राहिलं की कोणी फार विचारत नाही, हे मला सहावीतच कळलं होतं. मॅडमशी मी इंग्रजीत बोलायचे, ते ऐकून वहिनींनी माझी जात मनातल्या मनात ठरवून टाकली. सहा दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढे, त्यांच्याच ताटात जेवले. गरम भाकरी, वर लोणी. दाराशी बसलेल्या त्या चार मुलांना उपाशी बघून मी आत जायचे आणि पोटभर खायचे.

राहुलची किंकाळी शेतापर्यंत गेली. त्याची आई वहिनींच्याच उसात भांगलत होती. खुरपं हातात घेऊन धावत आली. पोराचं मनगट बघितलं. कातडी पांढरी पडून वर आली होती. तिने वहिनींकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"तू इंदूआत्तीची नात न्हवं? लग्नाला आलीवतीस की आमच्यात."

मी कागद छातीशी धरला.

"पयल्या दिशीच वळखलं तुला. गप बसले. म्हटलं, आपली पोरगी शिकली, बसू दे त्यांच्या पंगतीला, आपुन कशाला तोंड उघडायचं." तिचा आवाज चढला नव्हता. "आन तू लिहीत बसलीस व्हय गं?"

वहिनींनी माझी वेणी धरली.

"माझ्या चुलीपुढं जेवलीस? माझ्या ताटात?"

त्यांनी मला वेणीने ओढत दाराकडे नेलं. चौकटीवर कपाळ आपटलं. एकदा. मग त्यांनी मुद्दाम दुसऱ्यांदा आपटलं. पाठीत पळी बसली, दोनदा, तीनदा. अंगावर गरम खिचडी सांडली. कपाळातलं रक्त ओघळून डोळ्यात गेलं आणि मला एका डोळ्याने लाल दिसायला लागलं. मी ओरडले नाही. मला ओरडता येतच नव्हतं, इतकी वर्षं मी गप्प राहण्याचा सराव केला होता. मुलं बघत होती. किंकाळी ऐकून दाराशी जमलेल्या काही बाया आपापली मुलं काखेत मारून निघून गेल्या.

कोपऱ्यात बसून सगळं बघत असलेल्या मॅडम खुर्चीतून उठल्या. "वहिनी, नको," म्हणाल्या. हळू. एकदाच.

वहिनी दमल्यावर थांबल्या. मॅडमनी पिशवीतून कापूस काढून माझ्या कपाळावर धरला. राहुलच्या मनगटाकडे त्या वळल्याच नाहीत. माझ्या कानाशी इंग्रजीत म्हणाल्या, "तू आधी सांगितलं असतंस तर मी तुझी जेवणाची वेगळी सोय केली असती."

मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाय घसरला तिचा. आणि राहुलचा कागद तेवढा पूर्ण कर. निरीक्षण चांगलं झालंय."

मी पेन उचललं. हिसकावतो या शब्दाखाली लिहिलं: सर्वांत शेवटी वाढलं. पस्तीस मिनिटं रिकामी ताटली. खरवड वाढली. वाढणारीने गरम पळी मनगटावर मारली. मी बघत होते, मी अडवलं नाही.

मॅडम वाचत होत्या. त्यांनी हात पुढे केला.

"दे तो कागद. असं नसतं लिहायचं. अख्खा अभ्यास फुकट जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. "देणार नाही."

त्यांनी कागदाचं एक टोक धरलं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सुटेना, तेव्हा पिरगाळलं. त्या किंचाळल्या. मला वाईट वाटलं नाही.

राहुलला कडेवर घेऊन त्याची आई रस्त्याला लागली. मी मागे. वडाप मिळालं. जीपमधली माणसं माझ्या रक्ताकडे बघून सरकून बसली. आधी सरकारी दवाखाना, मग पोलीस ठाणं.

हवालदार निवांत होते. "पोरगं चुलीपाशी गेलं आसंल. भाजलं. तसं लिहू का?"

"मारलंय," राहुलची आई म्हणाली.

"तू बघितलंस?"

"न्हाई. मी उसात हुते."

"मग?" ते माझ्याकडे वळले. "आन तुमची ही खोक दाराची दिसती. आता दाराव केस करायची व्हय?" शेजारचा शिपाई हसला.

"पळी वहिनींनी मारली. मी दोन हातांवर होते," मी म्हणाले. "लिहा."

"तवा तुमी काय करत हुता?"

"लिहीत होते. थांबवलं नाही. तेही लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आम्ही उठलो नाही. राहुल आईच्या मांडीवर हुंदके देत झोपून गेला. अंधार पडायच्या सुमारास त्यांनी पेन पुन्हा उचललं.

राहुलच्या आईने मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. मागायला तोंड नव्हतं.

माझं काम गेलं. तिचं उसातलं काम गेलं. आमच्या सांगलीच्या घरी वहिनींकडची दोन माणसं येऊन चहा पिऊन गेली. वडिलांना म्हणाली, पोरीचं लग्न व्हायचंय, मिटवा. वडील माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "मिटव."

मी मिटवणार नाही. तारीख पडेल तेव्हा जाईन. पुढची पडेल तेव्हाही जाईन. त्यांचा वकील मला विचारेल, बाई, तुम्ही स्वतः काय केलंत, आणि मी भर कोर्टात सांगेन की मी भित्री होते, त्यांचं लोणी खात होते आणि पोराचे घास मोजत होते. माझी लाज मी त्यांच्या हातात देणार नाही, मीच ती मांडेन. मग त्यांना त्यांची मांडावी लागेल.

आणि यापुढे माझ्यासमोर कुणी उपाशी पोरावर हात उगारला, तर मी तो हात धरीन. धरवला नाही, तर दात लावीन.