उजवीकडून तिसरं घर

शेषराव लाइनमन खांबावर चढायच्या आधी खिशातली तंबाखूची पुडी काढून खाली दगडावर ठेवायचा. वर गेल्यावर खाली यायला काहीतरी कारण पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

मी तेव्हा इंझोरीचा पोस्टमास्तर होतो. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली, आणि गावातला एकुलता एक टेलिफोन माझ्या टेबलावर. तो बंद पडला की लोक माझ्याकडे असं बघत, जणू मीच दातांनी तार तोडून आलोय. खरं म्हणजे तार शेषरावची. कारंज्यापासून इंझोरीपर्यंतचा एकूण एक खांब त्याच्या ओळखीचा होता. कोणत्या खांबावर कावळा घरटं करतो, कोणत्या खांबाला भादव्यात वेल चढतो, कोणत्या खांबाला म्हैस अंग घासते, हे तो न विचारता सांगत बसायचा.

तो आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. सहा वर्षं रोजंदारीवर राबला होता आणि त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, त्याचे कायम होण्याचे कागद वर गेले होते. अट एकच: मार्चपर्यंत त्याच्या लाइनीबद्दल तक्रार नको. दुसरा एक नियम सगळ्याच लाइनमनना होता. तार तपासायला खांबावरून जोडणी घ्यावी, आवाज येतो का बघावं आणि लगेच सोडावी. लोकांचं बोलणं ऐकत बसलेला सापडला, तर नोकरी गेली.

तक्रार करणारा माणूसही देवानं नेमका आमच्याच गावात दिला होता. माणिकराव गुरुजी. निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला वह्या नव्हत्या, म्हणून ते जग तपासत.

गुरुजींना बुद्धिबळाचा नाद. पंधरा वर्षं ते आणि गावातलेच बबनराव गुरुजींच्या ओट्यावर समोरासमोर बसून खेळले. खेळताना दोघंही बोलत नसत, नुसती बोटं चालत. शेषराव लहानपणी रस्त्यावर उभा राहून तो खेळ बघायचा. ओट्यावर ये, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. पुढे बबनराव कारंज्याला कापसाच्या अडतीवर दिवाणजी झाले. अडतीत फोन होता. मग दोघांनी ठरवलं की दर गुरुवारी अकरा वाजता फोनवर एकेक चाल खेळायची. पट गुरुजींच्याकडे एक, बबनरावांकडे एक.

"माहा घोडा उजवीकडून तिसऱ्या घरात," गुरुजी माझ्या टेबलाशी उभे राहून ओरडत. मधे वीसेक मैलांची तार आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता.

अकराव्या चालीला बबनरावांनी सांगितलं की त्यांच्या उंटानं गुरुजींचा घोडा मारला. गुरुजी घरी जाऊन पट बघून आले. बबनराव म्हणत होते तिथं घोडा नव्हताच.

"बबन्या, तू बयताड झाला का? तिथं घोडा कुठून आला?"

"तुमीच तर ठेवला, गुरुजी!"

दोघं खरं बोलणारे. मग लबाड कोण? तार! गुरुजींनी माझ्याकडून कागद घेऊन तक्रार लिहिली. 'येथून एक सांगितले असता तेथे दुसरेच पोचते.' पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, पुन्हा तक्रार. तीन झाल्या. तिन्ही मीच वर पाठवल्या, कारण तेच माझं काम. कुणाला आवडो न आवडो.

शेषरावनं तीनदा सगळी लाइन पायी तुडवली. खांबांवर तार बांधतात त्या चिनी मातीच्या वाट्या एकेक करून पुसल्या, बाभळीच्या फांद्या छाटल्या. आवाज आधीही खणखणीत होता, नंतरही खणखणीतच. तो माझ्यापुढे येऊन बसला. "मास्तर, तारेत काईच नाई हो," म्हणाला. आणखी काहीतरी त्याच्या ओठावर आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. मी विचारलं नाही. तेव्हा विचारायला पाहिजे होतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी टेलिफोन खात्याचे इन्स्पेक्टर स्वतः आले. शांत माणूस, पेन मात्र सदा उघडं. अकरा वाजता फोन लागला. इन्स्पेक्टरांनी आधी बबनरावांकडून शंभरपर्यंत आकडे म्हणवून घेतले. एकही चुकला नाही. मग गुरुजींनी चाल सांगितली, बबनरावांनी ती जशीच्या तशी परत म्हटली, आणि तरीही दोघांचा पट जुळेना.

"तारेतच भानगड हाये साहेब," गुरुजी म्हणाले. "लाइनमन नीट पाहूनच नाई राह्यला."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली. लाइनमनचा निष्काळजीपणा, एवढं मला उलटं वाचता आलं.

शेषराव दारात उभा होता. त्यानं चपला काढल्या आणि आत आला.

"साहेब, तार चांगली हाये. हे दोघं आपापला उजवा हात धरून मोजून राह्यले. गुरुजींचा उजवा म्हंजे समोरच्याचा डावा. गुरुजी तिसरं घर सांगतेत ते एक, अन् बबनभाऊ घोडा ठेवतेत भलत्याच घरात. पह्यल्या चालीपासून असंच हाये."

गुरुजींनी आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. पंधरा वर्षं समोर बसून खेळलेल्या माणसांना घराचं नाव घ्यायची वेळच आली नव्हती.

"तुला पहिल्या चालीपासूनचं कसं ठाऊक?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

शेषरावला खोटं सांगता आलं असतं. तो म्हणाला, "ऐकत होतो साहेब. दर गुरुवारी अकरा वाजता खांबावर राहो. खाली उतरून मातीत पट काढो अन् खडे मांडो. मी कोनाच्याच बाजूनं नोतो बसत, म्हून मले दोन्ही उजवे हात दिसले."

इन्स्पेक्टरांनी आधीची ओळ खोडली आणि नवा कागद घेतला. तक्रारीनं कायम होणं हुकलं असतं. हा कागद नोकरीच खाणार होता.

गुरुजींचा चेहरा लाल झाला होता. आपला खेळ कुणी चोरून ऐकला, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं. "मंग खरं कोन जिंकून राह्यलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दोघंबी, गुरुजी. आपापल्या घरी."

गुरुजी इन्स्पेक्टरांकडे वळले.

"साहेब, ते लिहू नका. त्याले आमीच सांगतलं होतं ऐकाले. पंच हाये तो आमचा."

गुरुजींनी हयातीत खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यामुळे असेल, ते त्यांना अजिबात जमलं नाही. कान लाल, नजर छताला. इन्स्पेक्टरांनी मात्र ते बोलायला लागताच फोनवर तळवा दाबला होता. शेषरावचं सगळं बोलणं कारंज्याला ऐकू गेलं होतं. गुरुजींचं गेलं नव्हतं. इन्स्पेक्टरांनी तळवा काढला, आणि आमच्यातला कुणी खाकरायच्या आत विचारलं, "दिवाणजी, हा लाइनमन तुमचं बोलणं ऐकत होता. कुणाच्या परवानगीनं?"

इतक्या चालींत ज्या दोघांचं एक घर जुळलं नव्हतं, त्यांच्या हातात आता शेषरावची भाकर होती. शेषरावनं डोळे मिटून घेतले होते.

"परवानगी कायची?" बबनरावांचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. "पंच हाये तो आमचा. गुरुजीनं अन् म्या बसवला."

"पंच होता, तर मग तीन तक्रारी कशाला केल्या?"

"पंचाचं कोनी ऐकते का, साहेब?"

इन्स्पेक्टरांनी पेनाला टोपण लावलं. शेषराव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते तोवर आम्ही कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.