दिसेल तेवढंच सांग

त्या उन्हाळ्यात आमची पलटण पुण्याहून सोलापूरला आणली. साल तीसच्या आगंमागं धरा. शहरात दंगा झाला होता. कर्फ्यू लागला होता. आमच्या सेक्शनची ड्यूटी तेलगू विणकरांच्या वस्तीत, एका गल्लीवर होती. गल्लीच्या अलीकडच्या तोंडाला आमची पिकेट, म्हणजे पहारा. तिथं नाईक धोंडिबा चव्हाण, मी आणि आणखी दोन शिपाई. पलीकडच्या तोंडाला हवालदार मोरे आणि त्याची माणसं. मध्ये हाक पोचेल एवढं अंतर.

मी वैरागचा. सोलापूर मला परकं नव्हतं. पण अंगात खाकी चढवली की ओळखीचं गावसुद्धा वाकड्या नजरेनं बघतं. आपणही तसंच बघतो. कुणी म्हणायचं पाण्यात विष घालतात. कुणी म्हणायचं बायकांच्या पदराखाली सुरे हायत. दूधवाला आला की आधी त्यालाच दूध प्यायला लावायचो. तो हसत गटागटा प्यायचा.

"रोज मुफत का दूध पिलाते साब," तो म्हणायचा. "ये दंगा और चलने दो."

त्याच्या हसण्याचाही मला संशय यायचा.

सगळ्यात जास्त संशय आमच्या नाईकाचा होता. हा माणूस ब्रह्मदेशात राहून आला होता. तिथं एका मठावर गार्ड ड्यूटी करताना बुद्धाच्या भिक्षूजवळ बसला, आणि काहीबाही शिकून आला. तिकडं भिक्षूला फुंगी म्हणतात, म्हणून पलटणीत यालाच फुंगी म्हणायचे. ड्यूटीवर जायच्या आधी हा डोळे मिटून श्वासाकडं लक्ष देत बसायचा. मग पुटपुटायचा, माझं बरं होवो, तुझं बरं होवो, गल्लीतल्यांचं बरं होवो. शेवटी हवालदार मोऱ्याचंही बरं होवो म्हणायचा.

"हवालदाराला कशाला मधी घेता?" मी एकदा विचारलं.

"त्याच्यावर लई राग येतो म्हणून," नाईक म्हणाला. "ज्याच्यावर येत न्हाई त्याला म्हणून काय उपेग?"

मोऱ्यानं मला बाजूला घेतलं. "म्हादू, फुंगीवर नजर ठेव. गल्लीतल्यांचं बरं मागतोय म्हणजे कुणाचा माणूस हाय ते बघाय पायजे."

मी नजर ठेवली. दोन दिवसांत नाईकानं ओळखलं.

"ठेव की नजर," तो भाकरी मोडत म्हणाला. "पण नीट ठेव. मी डोळं मिटून बसलो तर डोळं मिटून बसला एवढंच सांग. कट करतोय हे तू तुझ्या मनातलं लावशील. संशय पाव्हण्यासारखा असतो म्हादबा. आलाय एवढं वळख. घर त्याच्या नावावर करू नगो."

मला ते बोलणं गुळगुळीत वाटलं. गुळगुळीत बोलणाऱ्याचा मला आजही भरवसा वाटत नाही.

तो दिवस. दुपारचं ऊन. गल्ली सामसूम. कर्फ्यूत दारं बंद असली तरी आतून रंगाचा वास यायचा. या लोकांचं असं असतं, सूत एकदा रंगाला लावलं की सरकार आलं तरी मध्ये सोडत नाहीत, नाहीतर सगळं सूत डागाळतं. हे मला ठाऊक होतं. साताऱ्याकडच्या मोऱ्याला ठाऊक नव्हतं.

मधलं एक दार धाडकन उघडलं. एक माणूस बाहेर आला आणि आमच्याकडं पळत सुटला. तेलगूत ओरडत होता. दोन्ही हात लाल.

"रगात!" मी रायफल खांद्याला लावली. "मारून आलाय कुणाला तरी!"

"रिपोर्ट दे," नाईक मागून म्हणाला.

"रगातानं भरलाय नाईक! घालू गोळी?"

"रिपोर्ट दे म्हटलं. काय दिसतंय?"

संतरीला हेच शिकवलेलं असतं. काय, किती, कुठं. मी बोलत गेलो. "माणूस एक. पळतोय. हात लाल."

"हत्यार?"

"न्हाई."

"लाल कुटवर?"

मी बघितलं. कोपराच्या खाली दोन्ही हातांवर लाल रंग सरळ रेघेत थांबला होता, बांगडी भरल्यासारखा. अंगरख्यावर थेंब नाही. रक्त असं रेघ धरून थांबत नाही.

"रंगारी हाय," मी म्हणालो, आणि बोट घोड्यावरून काढलं.

"आता कसं," नाईक म्हणाला, आणि रिकामे हात वर करून पुढं गेला.

त्या माणसानं त्याला मिठीच मारली. नाईकाच्या छातीवर दोन्ही हात दाबून रडायला लागला. "बायको... कढई... डाक्टर, साब." उकळता रंग बायकोच्या पायांवर सांडला होता. नाईकानं त्याला धीर दिला. मग पलीकडच्या पिकेटला सब ठीक असा इशारा करायला तो वळला. वळला तेव्हा त्याच्या खाकी शर्टावर दोन लाल पंजे उमटलेले होते. रंगाऱ्यानं त्याचा दंड धरलेलाच होता.

पलीकडून मोरे ओरडला, "नाईकाला भोसकलं!"

"फायर नको!" मी ओरडलो. "हवालदारसाब, रंग हाय!"

गोळी सुटली. ती रंगाऱ्याला मारली होती की कसं, ते पुढं बघू. लागली नाईकाला.

मी धावलो. तो भिंतीला टेकून बसला होता. आता छातीवर कुठला रंग आणि कुठलं रक्त, कळत नव्हतं.

"आधी त्याची बायको," तो म्हणाला.

"तुमी बोलू नका नाईक."

"मोऱ्याला संशय आला," तो म्हणाला. "एवढंच."

दोघांना एकाच लॉरीत घातलं. ती बाई वाचली. नाईकानं दवाखान्याच्या फाटकातच जीव सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनसाहेबांपुढं चौकशी लागली. रंगाऱ्याला दोरीनं बांधून उभा केला होता. मोऱ्यानं सांगितलं, याच्या हातात सुरा होता, यानं नाईकावर वार केला, म्हणून आपण याच्यावर गोळी झाडली, ती नाईकाला लागली. त्याच्या दोन माणसांनीही तसंच सांगितलं. हे ठरलं असतं तर त्या माणसाला फाशी होती.

आत जाण्याआधी मोऱ्यानं मला गाठलं होतं. "आपला माणूस गेलाय म्हादू. त्या तेलग्यापायीच गेलाय का न्हाई? मग त्याच्यासाठी तरी बोल."

खरं सांगतो, मला त्या रंगाऱ्याचाही राग आला होता. तो पळत आला नसता तर नाईक जिवंत असता. राग आलाय, हे मी मनात म्हणालो. दुःख आलंय, हेही म्हणालो. दोन्ही गेली नाहीत. पण त्यांना बाहेर बसवून मी तंबूत शिरलो.

"सुरा पाहिलास?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब."

"मग काय पाहिलंस?"

"माणूस एक. हात कोपरापर्यंत लाल. हत्यार नाही. नाईकाला मिठी मारली. नाईक वळला. पलीकडून गोळी आली."

साहेबांनी बादली आणि साबण मागवला. रंगाऱ्याचे हात घासले. पाणी नितळ राहिलं, हात लालच राहिले. त्याची दोरी सोडली. मोऱ्याची पुढं बदली झाली. त्याचं आणखी काय झालं ते मला माहीत नाही.

हे सगळं मी माझ्या बायकोला पुष्कळदा सांगितलं होतं. ती विचारायची, "हवालदारानं मुद्दाम मारली का वो?" मला तो संशय जन्मभर येत आला. मोऱ्याला नाईक नकोच होता. मी रंग म्हणून ओरडलो ते त्याला ऐकू गेलं असेल. गेलंही नसेल. बंदूक वर झालेली मी पाहिली. त्याचं मन पाहिलं नाही.

आता ती पण गेली. तीन महिने झाले. कंपाउंडरनं सुई टोचली, आणि संध्याकाळी ती गेली. मला त्याचा गळा धरावा वाटतो. सुई दिलेली मी पाहिली. ती गेलेली पाहिली. मधलं काही पाहिलेलं नाही. रोज सकाळी उठून हे मला पुन्हा स्वतःला सांगावं लागतं. सांगितलं म्हणून घर भरत नाही, पण त्या कंपाउंडर पोराच्या दारात मी काठी घेऊन जात नाही.

नाईक धोंडिबा चव्हाणांचं नाव कुठल्या दगडावर नाही. लढाईत मेले नाहीत म्हणून. चौकशीनंतर त्याच दुपारी त्यांना सोलापुरातच अग्नी दिला. रंगारी लांब उभा होता, हात पाठीमागं घेऊन. मी त्याला हाक मारली, "ये, खांदा दे." तो आला. दुसऱ्या बाजूनं मोरे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. मी मागच्या बाजूला होतो. सगळी वाट मी मोऱ्याकडं बघत चाललो. त्याचं तोंड भिजलं होतं. ऊन फार होतं. तो घाम होता की रडणं, मला दिसलं नाही. म्हणून ते मी कुणाला सांगत नाही.