नथूच्या बापाचं पत्र

विरारच्या त्या सोसायटीत फळ्यावर ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढंच लिहायचं असलं, तरी ते आत्माराम तोडणकरांनीच लिहायचं असा शिरस्ता होता. अंधेरीच्या एका औषध कंपनीत रेकॉर्ड सांभाळण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. अक्षर असं वळणदार, की साहेबलोक निरोपाची मानपत्रं त्यांच्याकडूनच लिहून घेत. मग संगणक आले आणि अक्षराला कुणी विचारीना. निवृत्तीनंतर तर फळा तेवढा उरला.

तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षवर्धनने तो फळा नीट पाहिला. त्याचा धंदा जुन्या लष्करी वस्तूंचा: शिरस्त्राणं, बिल्ले, पाण्याच्या बाटल्या. भंगारातली बाटली कुणी घेत नाही. ती अमुक शिपायाची होती असं सांगणारा कागद सोबत असला, की गिऱ्हाईक हात जोडून घेतं.

“काका, जुन्या वळणाचं लिहाल?” त्याने विचारलं. “नाटकासाठी लिहिताय असं समजा.”

आत्मारामांना कळलं नाही असं नाही. पण किती वर्षांनी कुणीतरी त्यांचं अक्षर डोळ्यांजवळ धरून बघत होतं. जुन्या वह्यांची कोरी पानं, टाक, पाणी घालून फिकी केलेली शाई, सगळं हर्षवर्धन आणून देई. मजकूर आत्माराम रचत. बायकोने, मीराताईंनी, विचारलं तर म्हणत, “नाटकाचं काम आहे.”

एकदा हर्षवर्धनने दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांच्या यादीतून एक नाव काढून दिलं. शिपाई गोमा भोईर, ब्रह्मदेशात मृत्यू १९४३, बायको धोंडूबाई, गाव जूचंद्र, तालुका वसई. आत्मारामांनी गोमाच्या नावाने धोंडूबाईला पत्र लिहिलं. ते कोरडं वाटलं, म्हणून शेवटी एक ओळ घातली: ‘पोर झाल्याचे कळले. नाव काय ठेविले ते कळवावे.’

दोन महिन्यांनी हर्षवर्धन हसत हसत आला. “काका, गोमाची बाटली कुणी घेतली माहितेय? त्याच्याच घरच्यांनी! त्याचा मुलगा जिवंत आहे अजून, ब्याऐंशी वर्षांचा. त्याच्या नातीला नेटवर दिसली.”

“मुलगा?” आत्माराम म्हणाले.

चौथ्या दिवशी ते जूचंद्रला गेले. नथू भोईर ओट्यावर बसला होता. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. नात स्वप्नाली बँकेत नोकरीला होती, त्या दिवशी सुट्टीवर. “मी त्या पत्राबद्दल आलोय,” आत्माराम म्हणाले, तशी तिने आनंदाने खुर्ची दिली. आत देव्हाऱ्याशेजारी बाटली होती, तिला झेंडूची माळ.

“जुनं लिखाण वाचता येतं ना तुम्हाला? आजोबांना वाचून दाखवा ना. मी अडखळते.”

आत्मारामांनी स्वतःचंच पत्र वाचलं. नथू मान खाली घालून ऐकत होता.

“आई मरेपर्यंत सांगत होती,” तो म्हणाला, “तू झाला ते तुज्या बापाला ठावंच नव्हतं. मीपन तेच धरून बसलो जन्मभर. आनि बघा, ठावं होतं. नाव इचारलंय त्यानं.” मग पुढे सरकून म्हणाला, “परत वाचा न मास्तर.”

दुसऱ्यांदा वाचताना त्या ओळीपाशी आत्मारामांनी कागद खाली ठेवला.

“बाबा, हे मी लिहिलंय,” ते म्हणाले. “तुमच्या वडिलांचं नाही. बाटलीही त्यांची नाही. मला माफ करा.”

नथूने चेहरा वर केला. मग एवढंच विचारलं, “म्हंजे त्याला ठावं नव्हतं?”

“ते मला माहीत नाही, बाबा.”

स्वप्नाली त्यांना दारापर्यंत सोडायला आली, पण आवाज चढवून. “फसवलं ते फसवलं, वर सांगायला कशाला आलात? महिनाभर माणूस पोटभर जेवत होता! तुम्हाला हलकं वाटावं म्हणून ना हे?”

खरं होतं ते. आणि हलकंही वाटलं नाही.

हर्षवर्धनने कानांवर हात ठेवले, त्यांना वेडं ठरवलं आणि लिहिणारा दुसरा कुणी शोधला. पोलिसांत जाऊ, असं त्यांचा फोन नंबर लिहून घेत स्वप्नाली म्हणाली होती. नथूनेच नको म्हटलं. कागद तेवढा कुणी फाडला नाही.

महिन्याभराने तिचाच फोन आला. “आजोबा ऐकत नाहीत. बोला त्यांच्याशी.”

“मास्तर,” नथूचा आवाज आला, “तुमचं खोटं, कबूल. पन माज्या बापानं खरंपन लिवलं असंल न? ते कोनाकडं असंल. तुमी या धंद्यातले. शोधाल?”

गोमाला लिहिता येत होतं की नाही, हेही आत्मारामांना ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

“शोधतो, बाबा,” ते म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन वाजतो. नथू विचारतो, सापडलं का? आत्माराम म्हणतात, शोधतोय. कुठे शोधायचं ते त्यांना माहीत नाही.