तिकडे किती वाजले?

वडिलांना माझं काम काय असतं ते कधी कळलं नव्हतं. वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी सांगलीहून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "आज नवा प्रोग्राम सुरू करून दाखव. पहिल्यापासून."

मी स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. पूर्वी एवढ्यासाठी अर्धा दिवस नुसती जुळवाजुळव करावी लागायची. हल्लीचे रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, एका आज्ञेत सगळं मांडून देतात. मी फोल्डरला 'टेस्ट' नाव दिलं.

"असलं कसलं नाव? आणि मला बघायचं नाही, करायचंय," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे किती वाजले ते सांगणारा प्रोग्राम हवा. मी नेमका तुझ्या मीटिंगमध्ये फोन करतो."

त्यांच्या लॅपटॉपवर रनटाइम बसवण्यात तो शनिवार गेला. पुढच्या शनिवारी ते एकेक अक्षर शोधून टाइप करत होते. "इथे बर्लिन कशाला? तू तर स्टुटगार्टला."

"सगळ्या जर्मनीची वेळ त्याच नावाने असते, बाबा."

"मग पुढे एंटर करू?"

"या, या," मी म्हणाले.

"कुठे येऊ?"

'या' म्हणजे जर्मनमध्ये 'हो', हे सांगताना मला हसू आलं. ते हसले नाहीत. "तिकडचीच झालीस," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या शनिवारी त्यांना नुसती वेळ पुरेना. मी कधी काय करते त्याची यादी त्यांनी वेगळ्या फाइलमध्ये लिहायला घेतली. आठला? ऑफिसला निघते. बाराला? जेवण. साडेपाचला? एस-बानमध्ये, म्हणजे इकडच्या लोकलमध्ये. "आणि रविवारी?" रविवारचं काही ठरलेलं नसतं. त्यांनी ती ओळ रिकामी ठेवली. शनिवारी दहाची ओळ मात्र मला न विचारताच भरली.

प्रोग्राम चालवला, तर रनटाइम मध्येच थांबला. तो परवानगीशिवाय कुठलीही फाइल उघडत नाही. बाबांनी स्क्रीनवरचं इंग्रजी सावकाश वाचलं. "हा विचारतोय, वाचू का म्हणून. शहाणा आहे." त्यांनी होकाराचं 'वाय' दाबलं आणि ओळ उमटली: सकाळचे दहा वाजून पाच. बाबांशी बोलते आहे.

बाबांनी ती ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली.

नंतर बाबांचे फोन कमी झाले. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, दिवसातून दहादा तेच उघडून बसतात. जेवायला वाढलं की म्हणतात, थांब, निघाली का बघतो."

त्या दुपारी मी ऑफिसमधल्या एका खोलीत जाऊन दार लावलं आणि सांगलीला फोन लावला.

"अगं, आत्ता तर तुझी मीटिंग असते!" बाबा म्हणाले.

"आहे," मी म्हणाले. "तुम्ही बोला."