मानपाड्याची हवा गाडीला मानवेना

आमचे हे, म्हणजे गुरुदत्त देवस्थळी, दिसायला अगदी गरीब. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, केसांना तेल. पाहणारा म्हणेल, काय भला माणूस. भले आहेतच, पण भला माणूस निदान बायकोचं ऐकतो. मी यांना लग्न झाल्यापासून एकच गोष्ट सांगत होते, की मला मानपाड्याची हवा सोसत नाही, दमा उसळतो, आपण दुसरीकडे राहायला जाऊ. आणि हे लग्न झाल्यापासून एकच उत्तर देत होते, "बघू."

बघणार काय होते कोण जाणे. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या कारखान्यांच्या अगदी पाठीला आमची खोली. यांची कंपनी चालत पाच मिनिटांवर, म्हणून ती घेतली. दिवस मावळला की आसपासचे कारखाने जे काही सोडायचे, त्याला कधी सडक्या अंड्यांचा वास, कधी नाक चरचरणारा उग्र दर्प. माझी छाती तर वास येण्याच्याही आधी भरून यायची. झोपताना पाठीशी उशांचा ढीग रचून बसल्याबसल्या डोळा लागेल तेवढी माझी झोप. खाडीवरून मासळी घेऊन येणारी शेवंती एकदा माझ्याकडे बघून टोपली खाली ठेवून म्हणाली, "काय झाला गो बाय, बस जरा." तिला दिसलं. यांना दिसलं नाही. डॉक्टरांनी हवापालट सांगितला, तर हे म्हणाले, डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात.

त्यात ती गाडी आली.

कंपनी मुळात बॅटरी चार्जर बनवणारी. नव्वदीच्या सुरुवातीला मालक हरिहरशेठ परदेशात कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि त्यांनी डोक्यात घेतलं, की हायड्रोजनवर चालणारी तीनचाकी काढायची. तिला इंजिन नाही, धूर नाही. एका बाजूने सिलिंडरमधला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा, मधे पातळ पडदा. दोन्हींची गाठ पडली की वीज तयार होते आणि मागून नुसतं पाणी ठिबकतं. त्याला फ्युएल सेल म्हणतात. मला हे सगळं पाठ आहे, कारण जेवताना दुसरा विषयच नसायचा. गाडीला हवा किती द्यायची आणि ती किती तापू द्यायची, हे दोन्ही यांच्याकडे होतं.

"जास्त हवा दिली की पडदा सुकतो," हे आमटी भुरकत सांगायचे, "कमी दिली की ती गुदमरते. फार तापली तरी सुकते, गार राहिली तर आतलं पाणी तुंबतं. फार नाजूक आहे गं ती."

मी समोर धापा टाकत पोळ्या लाटत असायचे. नाजूक कोण, तर ती.

एका थंडीत सकाळी सकाळी गाडी लवकर तापेना, म्हणून यांनी माझ्या माहेरची रजई नेली आणि तिच्या अंगावर घातली. वर मला म्हणाले, संध्याकाळी आणून देतो. आणली, ग्रीसच्या डागांसकट. दसऱ्याला कामगारांनी गाडीची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं आणि शेठच्या बायकोने स्वतःच्या हाताने झेंडूचा जाडजूड हार घातला, तो नेमका हवा आत घ्यायच्या जाळीवर. गाडी सुरू करताच टेम्परेचर चढायला लागलं. यांनी सगळ्यांदेखत हार ओरबाडून काढला आणि ओरडले, "तिचं नाक बंद केलंत तुम्ही." शेठीणबाई फुगून घरी गेल्या. लग्नानंतर यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि तो चढला कुणासाठी, तर सवतीसाठी.

पुढे गाडीने नवंच दुखणं काढलं. काही दिवस झकास चालायची, काही दिवस वीज हळूहळू उतरत जाऊन ढिम्म बसायची. यांनी पडदा बदलला, सिलिंडर बदलला, हवा ओढणारा ब्लोअर बदलला. तरी तेच. घरात चिडचिड, ताटावर चिडचिड. एका संध्याकाळी असेच वैतागून घरी आले, तर मी गॅलरीत कठड्याला धरून श्वास ओढत होते. हे दारातच थांबले आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले. कधी नव्हे ते असं बघत होते. मग चपला घालून परत कंपनीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा हातात घेऊन यांनी विचारलं, "हेमा, आज श्वास कसा आहे?"

मला काय वाटलं असेल? इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, बरा आहे. मग रोज विचारायला लागले. नुसतं विचारून थांबायचे नाहीत, नीट ऐकून घ्यायचे, कालच्यापेक्षा जास्त की कमी, छाती भरल्यासारखी वाटते की नाक जळतं. मी विरघळले. माझी बहीण सुहासिनी कल्याणला राहते, तिला मुद्दाम सांगून आले, की यांना उशिरा का होईना अक्कल आली. आता घर बदलायचं कधी तेवढं बोलायचं राहिलंय, असंही म्हणाले. सुहासिनीने मला साबुदाण्याचे वडे खाऊ घातले.

पुढच्याच आठवड्यात कंपनीचा ड्रायव्हर विश्राम दारात उभा. "वहिनी, तब्येत बरी आहे ना आज?"

मी म्हटलं, "बरी आहे. का रे?"

"काय नाय, साहेब लवकर आत गेलेत ना, तुम्हाला विचारायचं राहून गेलं. बोलले, वहिनींना बरं असेल तरच गाडी बाहेर काढ, नायतर राहू दे."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. त्याला काही कळलं नाही, तो बिचारा "मग काढतो" म्हणून निघून गेला.

संध्याकाळी मी यांना चहासुद्धा विचारला नाही. म्हटलं, "मी काय तुमचं मीटर आहे?"

यांना लाजही वाटली नाही. उलट चेहरा खुलला. "अगं, तेच तर! हवेतला गंधकाचा वायू त्या सेलला बाधतो. थोडा गेला तरी वीज उतरते, चांगली हवा मिळाली की पुन्हा सावरते. मोजायचं यंत्र बाहेरून मागवावं लागेल, शेठ नाही म्हणतात. पण तुला वास यायच्या आधी कळतं. इतकं सेन्सिटिव्ह काही बाजारात मिळणार नाही."

हे माझं कौतुक होतं. मी आत जाऊन पिठाचा डबा उगीच जोरात आपटला. यांनी आतल्या खोलीत डोकावून विचारलं, काय पडलं.

मग यांनी गाडीसाठी हवा गाळायची पेटी बनवली. पत्र्याचा डबा, त्यात खास कोळसा भरलेला, हवा त्यातून गाळून आत जाणार. मी म्हटलं, "अशी एक आपल्या खिडकीला लावा." तर कागद घेऊन बसले आणि हिशेब करून म्हणाले, खोलीभर हवेला फार मोठा ब्लोअर लागेल, विजेचं बिल परवडायचं नाही. बरं, गाडीचंही त्या पेटीने धड झालं नाही. कोळशातून हवा ओढताना ब्लोअर दमायचा, पुरेशी हवा मिळायची नाही आणि गाडी तापायची. पेटी लावली तर ताप, काढली तर विषबाधा. यांची झोप उडाली. माझी तर कधीच उडाली होती, त्याबद्दल कुणी कागद घेऊन बसलं नाही.

शेवटी दिल्लीहून पाहुणे यायचे ठरले. गाडी पसंत पडली तर कंपनीला पुढचं काम मिळणार होतं. त्या दिवशी सकाळी मला बोलताही येत नव्हतं. यांनी विचारलं, मी नुसता हात हलवला. हे तसेच धावत कंपनीत गेले आणि शेठना म्हणाले, आज गाडी काढू नका. पुढचं मला विश्रामने सांगितलं. शेठनी विचारलं, "कशावरून?" हे म्हणाले, "बायकोला श्वास घेता येत नाहीये."

शेठ म्हणाले, "मग देवस्थळी, तुम्ही घरी जा, पाहुण्यांना मी काय सांगू? यांच्या बायकोला धाप लागलीय?" सगळे हसले.

हे घरी आले नाहीत, हे सांगायला नकोच.

गाडी निघाली. पेटी लावून निघाली, तर चढावर तापली. पेटी काढली, तर वीज उतरत उतरत मानपाड्याच्या भर रस्त्यात गाडी उभी राहिली. दिल्लीचे पाहुणे नाकाला रुमाल लावून खाली उतरले आणि कामगारांनी ढकलत ढकलत गाडी आत आणली. पण त्या पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, यंत्र चांगलं आहे, याला या हवेत ठेवू नका.

झालं. महिना उलटायच्या आत शेठनी खडवलीला, नदीच्या बाजूला शेड घेतली. संध्याकाळी हे पेढ्यांचा पुडा घेऊन आले. इतके खुशीत की दारातच सांगायला लागले, "हेमा, आपण इथून जातोय. गाडीला ही हवा मानवत नाही, शेठना पटलं. माझीही बदली."

मी पेढा घेतला नाही. म्हटलं, "मी येणार नाही. तुम्ही आणि ती जा."

"अगं, तुलाच तर इथून जायचं होतं."

"मी इतकी वर्षं ओरडत होते, तेव्हा बघू. ती एकदा रस्त्यात बसली, तर महिनाभरात शेड."

हे गोंधळून पुडा हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "तू सांगायचीस, पण माझ्याकडे पुरावा नव्हता ना."

असा माणूस. यात जरासुद्धा लबाडी नव्हती, याचाच मला जास्त संताप आला. लबाड असते तर भांडता तरी आलं असतं. दोन दिवस मी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी भांडी बांधायला काढली. स्वाभिमान कितीही असला तरी श्वास लागतोच.

खडवली म्हणजे काही हिमालय नाही. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसायचं, आंबिवली, टिटवाळा गेलं की आलंच. सामान लावून दमून मी पडले. सकाळी जाग आली तेव्हा बाहेर कोंबडे ओरडत होते आणि उशा खाली पडलेल्या होत्या. मी सरळ, सपाट, पाठीवर झोपले होते. छातीत काही वाजत नव्हतं. मी एक लांब श्वास घेतला, तो पार आतपर्यंत गेला. पुन्हा घेतला, पुन्हा गेला. इतकं सोपं होतं. इथे, घरापासून सहा स्टेशनांवर, माझ्या लग्नाच्या पहिल्या दिवसापासून हे असंच होतं. मला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं मुळीच नव्हतं.

हे धडपडत उठून बसले. "काय झालं? श्वासाचा त्रास होतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "होत नाहीये."

"मग रडतेस कशाला?"

"म्हणूनच."

यांनी खाली पडलेल्या उशा एकेक उचलून बाजूला ठेवल्या. पहिल्यांदाच यांना माझ्याकडे काही पुरावा मागावासा वाटला नाही.