किसनरावाच्या कानातली अळी

देऊळघाटच्या हैदर जादूगाराचं कबूतर मोताळ्याच्या बाजारात मेलं, तो वैशाखाचा दिवस होता. पेटीवरचं फडकं उचललं तर आत पाखरू मान टाकून पडलेलं. रिंगणात उभी माणसं माना लांबवून पाहू लागली. दुसरा कोणी असता तर तिथंच त्याचं पाणी पाणी झालं असतं. हैदरनं मात्र मेलेलं कबूतर उचललं, कानाशी धरलं, भुवया वर केल्या आणि लोकांना म्हणाला, "काय म्हनते पाहा! उन्हाचं काम नाही करत म्हनते. संपावर गेलं!" हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि कबूतर पेटीत परत गेलं. खेळ संपल्यावर त्यानं बाजाराच्या मागच्या बाभळीखाली हातानं खड्डा उकरून ते पुरलं, आणि त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही. पण हे कोणाला माहीत? लोक घरी गेले ते संपावर गेलेल्या कबुतराची गोष्ट सांगत.

ही विद्या त्याला बापानं दिलेली. बाप म्हणायचा, "हात चुकला तर तोंड चालव. तोंडानंही भागलं नाही तर लोकायतला एक पकड अन् त्याच्यावर हसू फिरव. लोक हसले का चूक मेली." हैदरनं ती विद्या बापापेक्षा पुढं नेली. तो मुद्दाम चुकू लागला. हातातलं अंडं भुईवर पाडायचा. मग दोन्ही कान धरायचा, डोळ्यांत खरंखुरं पाणी आणायचा, आवाज कापरा करायचा. "चुकलो मायबाप! खेळ नाही हा, खरंच चुकलो. अल्लाची शपथ, बुढा झालो, हात थरथरते माहे." बाया "अगं माय!" म्हणून हळहळायच्या, आणि तेवढ्यात अंडं निघायचं भाजीवाल्याच्या तागडीतून. हा डाव तालुक्यात इतका गाजला, की हैदर डुगडुगी वाजवायला लागला की लोकच ओरडायचे, "चाचा, चूक करा ना, चूक!"

रिंगणाच्या अगदी पुढं, भुईवर उकिडवा बसणारा माणूस ठरलेला होता. किसनराव. मोताळ्याजवळच्याच खेड्यातला कास्तकार, पोट भरण्यापुरतं वावर, पांढरी टोपी, आणि डोळे असे की घारीनं शिकवणी लावावी. हैदरची बोटं कुठं वळतात, अंडं कोणत्या बाहीत जातं, सगळं त्याला दिसायचं. पण कितीतरी वर्षांत त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. मिशीत हसायचा तेवढा. खेळ संपला की दोघं चहा प्यायचे आणि किसनराव हळूच म्हणायचा, "आज डाव्या हातात होतं ना बे?" हैदर म्हणायचा, "किसनभाऊ, तुमचे डोये फोडाले पाह्यजेत." दोस्ती अशी होती. आणि त्याच दोस्तीवर हैदरनं बोळा फिरवला, तो कसा तेच सांगतो.

मोबाइल आले तशी बाजारातली गर्दी आटली. शाळा बोलवीनाशा झाल्या. अख्तरी, म्हणजे हैदरची बायको, लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची म्हणून चूल पेटायची. अशात एका उन्हाळ्यात बियाण्याच्या एका कंपनीची जीप दारात आली. साहेब गोड बोलला. "चाचा, आमच्या भोंग्यामागं कुत्रंही उभं राहत नाही. तुमच्यामागं गाव उभं राहतं. आमच्या बीटी कापसाला अळी लागत नाही, त्याचा एक खेळ बसवा." हैदर हुरळला. खोटं कशाला बोलू, त्याला साहेबाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला मिळणार होतं, आणि माणूस तेवढ्यावरही विकला जातो.

खेळ सोपा होता. दोन बोंडं. एक साध्या सरकीचं, त्यात हैदरनं आधीच काड्यापेटीतली अळी लपवलेली. दुसरं कंपनीच्या बीटीचं, ते लोकांसमोर चाकूनं चिरायचं आणि आतला पांढराशुभ्र कापूस दाखवायचा. पण पेरणीच्या तोंडावर हिरवं बोंड आणायचं कुठून? साहेबानं कुठल्याशा विहिरीवरच्या फरदडीतून, म्हणजे हंगाम सरल्यावरही पाणी देऊन उभ्या ठेवलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीतून, पिशवीभर बोंडं तोडून आणली. पऱ्हाटी त्यांच्याच बियाण्याची होती. इथंच घात झाला. फरदड म्हणजे अळीचं माहेर, हे कास्तकाराला ठाऊक असतं. साहेब शहरातला आणि हैदर खेळातला. दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही.

मोताळ्याच्या बाजारात पहिला खेळ लागला. साध्या बोंडातून अळी निघाली, लोक "हॅत्" म्हणाले. मग हैदरनं कंपनीचं बोंड उंच धरलं, चाकू फिरवला, आणि आत पाहिलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. जिवंत, गुबगुबीत, सरकीत तोंड घालून बसलेली.

विचार करायला वेळच नव्हता. विचार करावा लागला तर तो जादूगार कसला? बोट वळलं, अळी तळहातात गेली, कापूस पुढं आला. "पाहा मायबाप, दुधासारखा!" एका माणसाशिवाय कोणाला काही दिसलं नाही. आणि इतकी वर्षं न बोललेला तो माणूस उठून उभा राहिला.

"अबे हैदर, थांब!" किसनराव म्हणाला. "त्याच्यात अळी हाये बे. लाल अळी. म्या पाह्यली. दाखव पुन्हा."

आता कळतंय ना तो का बोलला? अंड्याचा खेळ होता तेव्हा तो गप्प बसला, कारण तो खेळ होता. हे पेरणीचं काम होतं. अर्ध्या वावरात तूर-ज्वारी पेरायची का सगळ्यातच बीटी लावायची, यावरून त्याचं आणि त्याच्या पोराचं, प्रेमचं, घरात रोज वाजत होतं. प्रेम त्याच गर्दीत उभा होता.

साहेबाचा चेहरा पडला. आणि हैदरच्या हातांनी तेच केलं जे त्यांना बापानं शिकवलं होतं. लोकायतला एक पकड. त्यानं दोन्ही तळवे उघडून दाखवले. "कुठं हाये अळी, किसनभाऊ? बोंडात नाही, हातात नाही... अरे बाप्पा! ही तर तुमच्या कानात हाये!" आणि किसनरावाच्या कानामागून त्यानं ती गुलाबी अळी चिमटीत धरून बाहेर काढली.

काय हसले लोक! माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. साहेब तर जीपच्या बॉनेटवर हात आपटून हसला. हसता हसता लोकांनी बियाण्याच्या थैल्या उचलल्या. किसनराव तसाच उभा. "म्या पाह्यली होती," एवढंच पुटपुटला. प्रेमनं त्याचा दंड धरला. "चला बाबा. डोये गेले तुमचे, अन् वरून लोकायत हसं करून घेता."

त्या दिवशी चहाला किसनराव थांबला नाही.

घरी अख्तरीनं पिशवीतली ओंजळभर बोंडं काढून एकेक करून फोडली. निम्म्याहून जास्त किडकी. "ये देखो," ती म्हणाली, "यही बियाना लोगों को दे रहे क्या?" हैदरनं बोलायची हीच वेळ होती, बरं का. पुढच्या खेळाला पुष्कळ गावं बाकी होती. त्यानं काय केलं माहीत आहे? उरलेल्यांतली चांगली बोंडं निवडली, अगदी पाकळीच्या शिवणीवर कापून आतून तपासली, डिंकानं परत चिकटवली आणि पुढच्या प्रत्येक गावात तीच फोडून दाखवली. पहिल्या वेळी हातानं केलं असं म्हणता येईल. नंतरचं सगळं त्यानं स्वतः केलं.

प्रेमनं सगळ्या वावरात बीटी लावली. तूर नाही, ज्वारी नाही. किसनराव बोलायला गेला की पोरगा म्हणायचा, "बाबा, कानातली अळी काढा आधी." गावानंही तेच नाव उचललं. पारावर बसला तर "काय कानातली अळी, काय म्हनते?" गीताबाई, त्याची बायको, त्याला तांदूळ निवडायला देईना. "राहू द्या, खडे दिसनार नाहीत तुम्हाले." बैलजोडी पोराच्या हाती गेली. इतका तल्लख माणूस, पण घरादारानं त्याला आंधळा ठरवला, आणि तो बाजाराच्या दिवशीही ओसरीवरच बसू लागला.

दिवाळी आली आणि पऱ्हाटी वरून हिरवीगार, आत बरबाद. बोंड उमलेना. उमललं तर कवडी होऊन कडक पडलेला पिवळा कापूस, आणि सरकीत गुलाबी अळी. एकाच्या नाही, सगळ्यांच्या वावरात. लोकांनी पावसाला शिव्या दिल्या, सरकारला दिल्या, कंपनीला दिल्या. उभ्या पिकात नांगर घातले. पण एकाला तरी आठवावं ना, की उन्हाळ्यात भर बाजारात एक माणूस उठून ओरडला होता? कोणाला आठवलं नाही. त्याचं फक्त नाव लक्षात राहिलं होतं.

एका सकाळी किसनराव देऊळघाटला आला. अख्तरीनं चहा ठेवला. त्यानं कप हातात घेतला नाही.

"हैदर, मले एकच सांग," तो म्हणाला. "थ्या दिवशी अळी बोंडात होती का माह्या कानात?"

हैदरनं मान खाली घातली. "बोंडात होती, किसनभाऊ."

राग नव्हता किसनरावाच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पीक गेलं, ते सगळ्यायचं गेलं. माहे डोये एकट्याचे गेले. आता तर मले सोताले वाटते, का खरंच दिसत नसन. ताटात केस दिसला तरी बोलत नाही मी. तू बजारात सांग बे. जिथं पाडलं तिथंच उभं कर मले. प्रेमच्या समोर."

"सांगतो," हैदर म्हणाला. "कुरानकसम सांगतो."

आणि तो गेला. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. बाजाराच्या दिवशी त्यानं झोळी घरीच ठेवली. ना पेटी, ना फडकं. पण डुगडुगीशिवाय गर्दी कशी जमणार? ती तेवढी वाजवावी लागली. लोक जमले. किसनराव धुतलेली टोपी घालून रिंगणात येऊन उभा राहिला. प्रेमला त्यानंच ओढून आणलेला, तो हाताची घडी घालून पुढं उभा.

"मायबाप," हैदर म्हणाला, "आज खेळ नाही." दोन-चार जण हसले. "उन्हाळ्यात या किसनभाऊनं बोंडातली अळी पाह्यली होती. अळी बोंडातच होती. म्या लपवली. म्या चोर, अन् यायले खोटं पाडलं."

बोलता बोलता त्याचा आवाज कापरा झाला. डोळ्यांत पाणी आलं. आणि हातांना काय झालं कोणास ठाऊक, ते आपोआप कानांकडे गेले. त्यानं दोन्ही कान धरले. "चुकलो मायबाप!"

"चूक!" गर्दीतून कोणीतरी खुशीत ओरडलं. "चाचाची चूक!"

टाळ्या पडल्या. हैदर घाबरला. "नाही, नाही! खेळ नाही हा, खरंच चुकलो!" टाळ्या वाढल्या. हेच तर तो म्हणायचा. "अल्लाची शपथ!" हेही तो म्हणायचाच. माणसाजवळ खरं बोलायला जेवढे शब्द असतात, तेवढे सगळे त्यानं अंडं काढण्यासाठी खर्चून टाकले होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी "अगं माय, कसं रडते मेलं!" म्हणून पदर तोंडाला लावून हसत होती. चिल्लर येऊन पायाशी पडायला लागली. साऱ्या हंगामात त्या बाजारात कोणी हसलं नव्हतं, आणि आज त्यांना हसू मिळालं होतं. ते कशाला सोडतील?

हैदरनं प्रेमकडे पाहिलं. तू तरी समज, असं त्या नजरेत होतं. प्रेमनं खिशातून मोबाइल काढला होता आणि तो हसत हसत चित्रण करत होता. "चाचा," तो ओरडला, "काढा ना आता! बाबाच्या कानातून काढा!"

"काढा! काढा!" सगळा बाजार ओरडू लागला. शेकडो डोळे किसनरावाच्या कानावर खिळले. हैदर रिकामे हात पसरून मध्ये उभा होता, "नाही हो, काही नाही त्याच्यात," असं म्हणत होता, पण ते कोणाला ऐकू जाणार?

किसनरावानं एकदा हैदरकडे पाहिलं. एकदा पोराकडे पाहिलं. गर्दीवरून नजर फिरवली. मग त्याचा हात हळूहळू वर गेला, टोपीच्या कडेशी थांबला, आणि दोन बोटांनी तो स्वतःचाच कान चाचपू लागला.